भाकर-तुकड्याची तालीम

“गाडी सांगून ठेवलीय,” शेठ गेटवरच म्हणाले. “रविवारी दोन्ही कुत्री जातील. तुम्ही उगाच आलात, मॅडम.”

“कुठे जातील?”

“विठ्ठलवाडीच्या पुढे एक गोडाऊन हाय ओळखीचं. तिकडे सोडणार.”

“सोडणार म्हणजे ठेवणार की टाकणार?”

शेठनी गेट अर्धं लोटलं. मी म्हटलं, “पाळलेलं कुत्रं असं टाकून देणं गुन्हा आहे, शेठ. टाकलंत तर तक्रार करायला मी स्वतः जाईन. आणि मला तुम्ही बोलावलेलं नाहीये, तुमच्या सुनेने बोलावलंय. आता आत येऊ की इथेच उभी राहू?”

चपला काढल्या आणि आत गेले. उर्मट म्हणा, काहीही म्हणा. या धंद्यात बाईमाणसाने गेटवर नमतं घेतलं की संपलं.

मी डॉग ट्रेनर आहे. राहते कल्याण पूर्वेला, पण ठाण्यापर्यंत कुठेही जाते. लोक मागे ‘कुत्रेवाली बाई’ म्हणतात, म्हणू देत. पूर्वी मला बोलवायचे ते कुत्रा सोफा फाडतो, पोस्टमनवर जातो म्हणून. आता निम्मे फोन एकाच गोष्टीचे असतात. घरात बाळ येणार आहे, कुत्र्याचं काय करू? त्यातले बरेच जण मनात ठरवूनच विचारतात. त्यांना फक्त कोणीतरी ‘देऊन टाका’ म्हणायला हवं असतं. ते मी म्हणत नाही. पण कुत्रा खरंच धोक्याचा असेल तर तेही तोंडावर सांगते.

पूजालाही मी फोनवर हेच सांगितलेलं. पूजा म्हणजे शेठची सून. कळव्यात यांचं स्वतःचं तीन मजली घर. आधी भातशेती होती, आता आजूबाजूला सगळ्या बिल्डिंगी. नवरा नीलेश, सासू, सासरे आणि दोन गावठी कुत्री, शेरू आणि चिंगी. वडापावच्या गाडीखाली सापडलेली ही पिल्लं पूजानेच उचलून आणलेली.

“मॅडम, सातव्या महिन्यात माझी ओटी भरणार, मग मी डोंबिवलीला माहेरी,” ती म्हणाली. “बाळ सव्वा महिन्याचं झालं की परत येणार. तोपर्यंत ते शेरूला घालवतील. शेरू गेला तर मी कळव्याला पाय ठेवणार नाही.”

“शेरूने केलंय काय?”

“माझ्या नणंदेच्या मुलीला लागलंय त्याच्यामुळे.”

“चावला?”

“सगळे चावला म्हणतात. मी तेव्हा ऑफिसात होते.”

मी म्हटलं, “बघते. पण चावरा निघाला तर मी तुझ्या बाजूने खोटं बोलणार नाही.”

“नका बोलू,” ती म्हणाली. “पण बघा तरी. इथे कोणी बघायलाच तयार नाहीये.”

म्हणून मी शेठच्या हॉलमध्ये बसलेले. पूजा तोवर माहेरी गेलेली. काकूंनी, म्हणजे तिच्या सासूने, चहा आणला आणि न विचारताच सगळं सांगायला सुरुवात केली. दीपाली त्यांची मुलगी, परी तिची चार वर्षांची पोर. परीला डेंग्यू झालेला. हॉस्पिटलातून सुटली आणि दीपाली तिला घेऊन सरळ आईकडे आली. पोर दारात उभी होती, आणि शेरू एकदम तिच्या अंगावर आला. भुवईवर टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

“मी कुत्र्यांच्या वाईटावर नाय हो,” काकू म्हणाल्या. “मीच तर जेवायला घालते त्यांना. पण आता तान्हं बाळ येणार घरान. मला झोप लागत नाय.”

ही बाई नाटक करत नव्हती. तिला खरंच भीती वाटत होती, आणि त्या भीतीला कारण होतं. शेरूची बाजू घ्यायची तर आधी त्या भुवईवरच्या टाक्यांचं उत्तर द्यायला हवं होतं. शेठकडून मी बाळ येईपर्यंतची मुदत मागितली. नीलेश इतका वेळ मोबाइल बघत होता, तो पहिल्यांदाच बोलला. “बाबा, बघू दे ना त्यांना.” शेठनी हात उडवला आणि बाहेर गेले. मी तो होकार धरला.

कुत्रा भडकतो तेव्हा कशाने तरी भडकतो. एखादा आवाज, वास, हालचाल. त्याला आमच्यात ट्रिगर म्हणतात. तो सापडला नाही तर पुढचं सगळं ट्रेनिंग अंदाजपंचे दाहोदरसे. मी शेरूला गल्लीत फिरवला, शाळा सुटायच्या वेळी, पोरांच्या गलक्यात. पोरं किंचाळत होती, साहेब खांब हुंगत होते. घरात मोबाइलवर तान्ह्या बाळाचं रडणं लावलं, आधी हळू, मग मोठ्याने. शेरूने मान वाकडी केली, जांभई दिली आणि झोपला. चिंगी मात्र दिवाणाखाली शिरली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आलीच नाही. मी शेरूचं ताट उचललं, कान ओढले, झोपेतून उठवला. मालीश केल्यासारखा तोंड वर करून बसला, बस्स.

हा कुत्रा चावणारा नव्हता. पण टाके तर पडलेले! मला काही उलगडेना. ‘कुत्रा चांगला आहे’ असं सांगून हात झटकता आले असते. पण उद्या तिथे तान्हं बाळ येणार होतं. माझ्या अंदाजावर ते बाळ ठेवायला मी तयार नव्हते.

शेवटी मी काकूंना म्हटलं, “त्या दिवशी जे घडलं ते मला पुन्हा करून दाखवा. परी कुठे होती, तुम्ही कुठे होता, हातात काय होतं. सगळं.”

“हातात काय असणार? ओवाळत होती मी पोरीला.”

“आरतीने?”

“आरती कशाला? पोर हॉस्पिटलातून आलेली. भाकर-तुकडा ओवाळला.”

इतके दिवस हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही. यांच्याकडे आजारपणातून, लांबच्या प्रवासातून कोणी आलं की उंबऱ्याबाहेर थांबवायचं, भाकरीचा तुकडा डोक्यावरून तीनदा फिरवायचा, पाणी ओवाळायचं आणि तुकडा बाहेर टाकायचा. घरोघरी करतात, त्यात सांगायचं काय? माझ्या डोक्यात मात्र घंटी वाजली.

“काकू, माझ्यावर ओवाळून दाखवा.”

त्या चपापल्या. “तुमच्यात चालतं का हो?”

“नाही चालत. माझे वडील असते तर त्यांनी मलाच ओवाळून टाकली असती. पण मी इथे कामाला आलेय. आणा भाकरी.”

शेरूला मी आतल्या ग्रिलला पक्का बांधला आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. काकूंनी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडला. तेवढ्या आवाजाला शेरू ताडकन उठला. काकू दाराकडे आल्या, तुकडा माझ्या डोक्याभोवती फिरवायला लागल्या, आणि हा मागच्या दोन पायांवर उभा. शेपटी गरागरा, तोंडातून लाळ. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने. नजर सगळी काकूंच्या हातावर.

“हा टाकलेला तुकडा खातं कोण?”

“हाच खातो. लहानपणापासून.”

आता बघा. घरात येणंजाणं भरपूर. कोण तीर्थाहून येतंय, कोण दुबईहून, कोण ऑपरेशन करून. प्रत्येक वेळी दारात माणूस, डोक्याभोवती भाकरी, आणि शेवटी भाकरी शेरूची. एवढं पद्धतशीर ट्रेनिंग मीसुद्धा देत नाही. मोठ्या माणसाच्या डोक्याशी हात उंच असतो, तोंड पोचत नाही, म्हणून तो तुकडा पडायची वाट बघायचा. परीचं डोकं जेमतेम कमरेपर्यंत. हात आपोआप खाली आला, भाकरी त्याच्या तोंडासमोर आली. त्याने भाकरीवर उडी घेतली, आणि मध्ये पोरीची भुवई आली.

मी हे सगळ्यांना बसवून सांगितलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे पोरीला माझ्यामुळे लागलं.”

“कोणामुळे ते सोडा. पुढचं ऐका,” मी म्हटलं. “शेरूने परीवर राग काढला नाही, हे खरं. पण बाळ येईल तेव्हा तुम्ही परत ओवाळणार. बाळ पूजाच्या छातीशी असणार. हात तिथपर्यंत खाली येणार. शेरू परत उडी मारणार, हेही तेवढंच खरं.”

शेठ खूश झाले. “मग सोपं हाय. भाकर-तुकडा बंद.”

“नाय,” काकू म्हणाल्या.

“अगो, कुत्रं ठेवायचं तर—”

“नाय म्हणजे नाय!” काकू माझ्याकडे वळल्या. “नीलेशच्या आधी मला एक झालेला. त्याला घरान घेतला तेव्हा कोणी ओवाळला नाय. सासू आजारी होती, राहून गेला. तो टिकला नाय. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही बोलाल त्याने काय होते. मला नका सांगू.”

माझा नजर लागण्यावर, दृष्ट काढण्यावर काडीचा विश्वास नाही. लहानपणापासून वडिलांच्या तोंडून याविरुद्ध ऐकत आलेय, आणि मला ते पटलेलं आहे. पण त्या क्षणी तिला विज्ञान शिकवायला जाणं म्हणजे निव्वळ माज झाला असता. आणि खरं सांगू? कुत्रा ठेवायचा तर रीत सोडा, रीत ठेवायची तर कुत्रा सोडा, ही वाटणीच मला मान्य नव्हती.

“रीत राहील, शेरूही राहील,” मी म्हटलं. “फक्त तुकडा मिळायची जागा बदलायची. आणि काकू, हे मी नाही करणार. तुम्ही करणार.”

“मी? मला काय येतंय त्यातलं!”

“आत्तापर्यंत त्याला कोणी शिकवलं? तुम्हीच ना?”

दारापासून लांब, हॉलच्या कोपऱ्यात एक चटई टाकली. शब्द ठरवला, ‘जागेवर’. शेरू चटईवर गेला की भाकरीचा कण, बसून राहिला की अजून एक. उठला की काही नाही, ओरडा पण नाही. ही या कामातली मुख्य चावी. कुत्र्याला जे नको ते शिक्षा करून थांबवायचं नसतं, जे हवं ते त्याला फायद्याचं करून द्यायचं असतं. आधी नुसती स्वयंपाकघरात भाकरी मोडायची. मग भाकरी घेऊन हॉलमधून चालायचं. मग दारातल्या स्टुलावर ओवाळायची. मग ऑफिसातून आलेल्या नीलेशवर. तुकडा बाहेर पडणार नाही, चटईवर येणार, तोही शेरू बसलेला असेल तरच.

काकू विद्यार्थिनी म्हणून महाकठीण. आधी तुकडा टाकायच्या, मग ‘जागेवर’ म्हणायच्या.

“काकू, उलटं होतंय! आधी बसू दे त्याला.”

“उपाशी हाय बिचारा.”

“कुठून उपाशी? पोट बघा, गरोदर दिसतोय. तुम्ही दया दाखवाल आणि नातवाच्या डोळ्याला लागेल.”

“तोंड लई चालते तुमचं.”

“तुमचाही हात लई चालतो. थांबवा तो.”

नीलेशच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला दुधी दिला, बाळ म्हणून. त्या दुधीला काकूंनी इतक्या वेळा ओवाळलं की नीलेश म्हणाला, आता याची भाजी करायची हिंमत होत नाही. सिलेंडरवाल्याला थांबवून त्याच्यावरून भाकरी फिरवली, तो घाबरून सही न घेताच निघाला. बाळ झाल्यावर, मुलगा झाला, डोंबिवलीहून त्याचं वापरलेलं दुपटं मागवून घेतलं. वास ओळखीचा झाला की अर्धं काम होतं. शेरूने हुंगलं आणि शिंकला. चिंगी त्यावर डोकं ठेवून झोपली. काकूंनी दुपटं तिच्याखालून ओढून घेतलं नाही, हे मी बघितलं.

कुत्रा आणि बाळाचे इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून लोक मला शिकवतात, तेही सांगते. त्या व्हिडिओंत घरात दोन माणसं असतात, नवरा आणि बायको. बायको शेवटपर्यंत घरात, रोज कुत्र्याला समजावतेय. आमच्याकडे जिचा कुत्रा तीच माहेरी, आणि बाळ येणार त्या दिवशी दारात सगळं गणगोत. तयारी करायची तर या घराची करायला हवी, व्हिडिओतल्या घराची करून काय उपयोग?

बाळ येण्याच्या आदल्या दिवशी दीपाली आली. हॉलमध्ये चटईवर बसलेला शेरू बघून ती जी भडकली!

“आई, माझ्या पोरीला टाके पडले आणि तू याला भाकऱ्या भरवतेस?” मग माझ्याकडे. “तुम्ही लिहून देता का काही होणार नाही म्हणून?”

“नाही,” मी म्हटलं. “असं कोणीच देऊ शकत नाही. जो देईल त्याला दारात उभा करू नका.”

“मग उद्या दोघांना गच्चीवर कोंडा. बाबा, सांगा यांना.”

शेठनी मान हलवली. “उद्याचा दिवस कोंडू, मॅडम. पाहुणे असतात.”

इथे मी बधले नाही. “उद्या कोंडाल. परवा?” मी म्हटलं. “वर ती बाळाच्या वासाने दार खरवडत बसणार. पाहुणे गेले की कोणीतरी दार उघडणार आणि ती सुटलेल्या बाणासारखी खाली येणार, तेव्हा पट्टा धरायला कोण असेल? चिंगी घाबरट आहे, ती आतल्या खोलीत राहू दे. शेरू उद्याच भेटेल. लांबून, पट्ट्याने, पट्टा माझ्या हातात. त्याने चटई सोडली तर मी स्वतः त्याला बाहेर नेईन आणि त्याच्यासाठी दुसरं घर शोधेन. पूजालाही तसं मीच सांगेन.”

शेठ काकूंकडे बघायला लागले. काकू भाकरीचं पीठ मळत होत्या. “त्या बोलतात तसं करा,” एवढंच म्हणाल्या.

रात्री पूजाला फोन करून मी हेच सांगितलं. तिने चटई दारापासून किती लांब आहे ते विचारलं. मग म्हणाली, “ठीक आहे. चटई सोडली तर मी हट्ट करणार नाही.”

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बाळ पूजाच्या आईच्या मांडीवर गाडीतच ठेवायला सांगितलेलं. मालकीण इतक्या दिवसांनी दिसल्यावर कुत्रा वेडा होतो. ते वेड बाळ हातात नसताना निघून जायला हवं. पूजा एकटी उतरली तर बायकांचा गलका, न ओवाळता आत कशी येणार? काकूंनी निकाल दिला. “अंगण म्हणजे घर नाय. अंगणात भेटू दे.” अंगणात शेरू तिच्या पायांत लोळला, रडला, तीही रडली. दम लागेपर्यंत मी त्याला करू दिलं. मग आत नेऊन चटईवर बसवला.

पूजा बाळ घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मागे सगळे नातेवाईक. दीपाली बाजूला, परीला मागे धरून. परीच्या भुवईवर पांढरी रेघ दिसत होती. पट्टा मी हाताला दोनदा गुंडाळून घेतला. तालमीत टॉवेलात दुधी होता, आता खरं बाळ.

काकूंनी भाकरी मोडली. शेरूचे कान उभे. काकू दारात गेल्या, हात बाळाच्या डोक्याशी नेला. पहिला फेरा. शेरू बसलेला, पण सगळं अंग थरथरतंय. दुसऱ्या फेऱ्याला बाळ रडलं, आणि शेरूचं ढुंगण चटईवरून उठलं. पट्टा माझ्या मुठीत ताणला गेला. मी शब्द तोंडात धरून ठेवला. तो शब्द मी उच्चारला असता तर उद्यापासून या घरात रोज मला यावं लागलं असतं.

काकूंचा हात हवेतच थांबला. मागे वळल्यासुद्धा नाहीत. “शेरू. जागेवर.”

शेरू बसला. लाळेचं तळं झालेलं, पण बसला.

तिसरा फेरा झाला. पाणी ओवाळून झालं. मग काकू तुकडा घेऊन सरळ हॉलमध्ये आल्या आणि शेरूच्या पुढ्यात ठेवला.

“आई, बाहेर टाकतात तो!” दीपाली ओरडली. “घरात काय आणतेस?”

“बाहेर टाकला तरी यानेच खाल्ला असता,” काकू म्हणाल्या. “आता बसून खातोय. तुला काय त्रास?” आणि सुनेला म्हणाल्या, “ये गो बाय, आत ये.”

पूजा आत आली. ती चटईच्या बाजूने गेली तेव्हा शेरू भाकरी चघळत होता, त्याने वर बघितलंही नाही. शेठनी खिशातून फोन काढला, बाहेर गेले आणि कोणालातरी सांगितलं, कुत्र्यांसाठी पुढे ढकललेली ती गाडी आता नको.

दीपालीचं मन वळलं नाही. ती आली की शेरू अजूनही जाळीच्या दाराआड असतो. तिच्या पोरीची भुवई आहे, तिचा हक्क आहे, मी तिला समजवायला जात नाही. चिंगी महिनाभर बाळ रडलं की दिवाणाखाली जायची, मग आपणच बाहेर यायला लागली. आणि बाळ आणि कुत्री एका खोलीत, मोठं माणूस नसताना, एक मिनिटही ठेवायची नाहीत, हा नियम मी त्या घरात फक्त भिंतीवर लिहायचाच बाकी ठेवलाय. तो कधीच सुटणार नाही, शेरू कितीही शहाणा झाला तरी.

अजून फोन येतात. बाळ येणार, कुत्र्याला ट्रेन करा. मी आधी विचारते, तुम्ही त्याला आत्तापर्यंत काय काय शिकवलंय? सगळे म्हणतात, “आम्ही कुठे काय शिकवलंय, मॅडम?” मग मी त्यांना सकाळची वेळ देते आणि सांगते, घरातली सगळी माणसं हजर ठेवा. पहिल्या दिवशी कुत्रा नसला तरी चालेल.